बिशप कॅसल बघायला आणि फोटो काढायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोलोरॅडोच्या वेट माउंटन्समध्ये, पाइनच्या दाट झाडीत, एका माणसाने दगडावर दगड रचत उभा केलेला किल्ला आहे. डेन्व्हर आणि कोलोरॅडो स्प्रिंग्जकडे राहणारे मराठी मित्र, आणि सुट्टीत त्यांच्याकडे येणारे पाहुणे, कॅमेरा घेऊन तिथे निघण्याआधी बहुतेक तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. ही जागा मला मनापासून आवडते, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत. घाई असेल तर सुरक्षिततेबद्दलचं उत्तर तेवढं नक्की वाचा.

हा किल्ला खरंच एकट्या माणसाने बांधलाय?

हो, जिम बिशप यांनी. जवळच्या प्वेब्लो शहरात त्यांच्या घरचाच शोभेच्या लोखंडी कामाचा कारखाना होता. प्वेब्लो हे पोलादाचं गाव, त्यामुळे लोखंड त्यांच्या हाताला लहानपणापासून सवयीचं. १९५९ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी इथली अडीच एकर जमीन ४५० डॉलरला घेतली. पेपर टाकून, लोकांच्या अंगणातलं गवत कापून आणि वडिलांच्या हाताखाली काम करून जमवलेले पैसे होते ते. वय लहान असल्यामुळे कागदपत्रांवर सह्या आईवडिलांना कराव्या लागल्या.

१९६९ मध्ये त्यांनी तिथे एका खोलीचं साधं दगडी घर बांधायला घेतलं. पाण्यासाठी वडिलांनी लोखंडी टाकी करून बसवली, तिच्याभोवती दगड रचले गेले, आणि येणारे-जाणारे विचारू लागले की इथे किल्ला बांधताय की काय. हे वारंवार कानावर पडल्यावर जिम यांनी खरोखरच किल्ला बांधायला घेतला. पुढे चाळीसहून अधिक वर्षं ते काम करत राहिले. आराखडा कागदावर नव्हता, वास्तुरचनेचं किंवा इंजिनिअरिंगचं शिक्षण नव्हतं.

सुरुवातीला वडिलांचा हात होता, घरच्यांची साथही होती. पण दगड गोळा करून आणणं, सिमेंटचा माल कालवणं, झाडं तोडून परांची बांधणं, कप्प्यांनी ओझं वर चढवणं आणि लोखंड वळवून जोडणं हे सगळं त्यांचं स्वतःचं. एकूण दगड हजार टनांहून जास्त असल्याचं सांगतात. हा आकडा वाचून काही वाटत नाही. तिथल्या एखाद्या भिंतीला हात लावून उभं राहा, मग तो कळतो.

जिम बिशप अजून तिथे भेटतात का?

नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी ते गेले. आता कुटुंबीय जागेची देखभाल करतात. जुन्या व्हिडिओंमध्ये ते मनोऱ्यावरून पर्यटकांशी मोठ्या आवाजात बोलताना दिसतात, ते बघून आपल्यालाही भेटतील या अपेक्षेने अजून लोक येतात. तिथे कोणी काम करताना दिसलं तर आधी नमस्कार-चमत्कार करा, कॅमेरा नंतर काढा. त्यांच्यासाठी हे घरचं ठिकाण आहे.

तिकीट किती? आधी बुकिंग करावं लागतं का?

तिकीट नाही, बुकिंग नाही. येणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत हे जिम बिशप यांनी ठरवलं होतं आणि ते शेवटपर्यंत पाळलं. किल्ला वर्षभर, उजेड असेपर्यंत बघता येतो. दानपेटी आहे आणि भेटवस्तूंचं छोटं दुकान आहे. या दोन्हींवरच सगळा खर्च चालतो, सरकारी अनुदान नाही. माझं स्पष्ट मत असं की कुटुंबाने जेवायला बाहेर गेलात तर जेवढे खर्च करता तेवढे डॉलर त्या पेटीत टाकावेत. रोख रक्कम जवळ ठेवा.

जायचं कसं?

डेन्व्हर किंवा कोलोरॅडो स्प्रिंग्जकडून येत असाल तर आय-२५ या आंतरराज्य महामार्गाने दक्षिणेला प्वेब्लो ओलांडून पुढे या. ७४ नंबरच्या एक्झिटला कोलोरॅडो सिटीपाशी उतरा आणि राज्य महामार्ग १६५ पकडा. राय गाव मागे पडलं की रस्ता चढायला लागतो, लेक इसाबेल लागतो आणि त्यानंतर आणखी थोडं वर गेल्यावर झाडीतून अचानक मनोरे दिसतात.

दुसरी वाट प्वेब्लोहून महामार्ग ९६ ने वेटमोरमार्गे मॅकेन्झी जंक्शनपर्यंत, आणि तिथून डावीकडे १६५ वर. ही वाट घाटातून जाते आणि सुंदर आहे. जाताना एक आणि येताना दुसरी घेतली तर छान गोल फेरी होते.

फोनवरचा नकाशा कधीकधी ब्यूला गावावरून महामार्ग ७८ ने नेतो. त्या रस्त्याचा वरचा भाग कच्चा आहे. पावसाळी किंवा बर्फाच्या दिवसांत भाड्याची छोटी गाडी घेऊन तिकडून जाऊ नका.

डेन्व्हरहून साधारण तीन तास धरा, कोलोरॅडो स्प्रिंग्जहून दीड. पेट्रोल आय-२५ सोडण्याआधीच भरून घ्या. डोंगरात फोनला रेंज धड मिळत नाही, म्हणून नकाशा आधी डाउनलोड करा आणि सोबत दुसरी गाडी असेल तर भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवून ठेवा. गाड्या रस्त्याच्या कडेलाच लावायच्या असतात. दार उघडताना मागून येणारी वाहनं बघा, कारण हा चालू महामार्ग आहे आणि वळणावरून गाड्या वेगात येतात.

चढणं सुरक्षित आहे का? खरं सांगा.

खरं सांगायचं तर ते तुमच्यावर अवलंबून आहे. नेहमीच्या पर्यटनस्थळी असतात तसे सुरक्षारक्षक, सूचना देणारे कर्मचारी, ठरावीक उंचीचे कठडे इथे नाहीत. प्रवेशापाशी पाहुण्यांच्या वहीत सही करायची असते. त्या सहीचा अर्थ असा की आत जे होईल त्याची जबाबदारी तुमची. सही करण्याआधी वाचा, आणि वाचून पटलं नाही तर खालूनच बघा. खालूनही ही वास्तू भरपूर दिसते.

आत गेल्यावर जिने अरुंद, काळोखे आणि उंच पायऱ्यांचे. पायऱ्यांची उंची सारखी नाही. एक पायरी घोट्याएवढी, तर पुढची त्याच्या दीडपट. वर जाणारे आणि खाली येणारे एकाच जिन्याने, त्यामुळे वळणावर थांबून आवाज द्यावा लागतो. बाहेरून फिरणाऱ्या मार्गिकांची जमीन बऱ्याच ठिकाणी लोखंडी जाळीची आहे. पायाखाली थेट खालची झाडं दिसतात, आणि कोणी जोरात चालत आलं की जाळी हलते. ज्यांना उंचीची भीती आहे त्यांनी तिथे स्वतःची परीक्षा घेऊ नये. सर्वात उंच मनोरा सुमारे १६० फूट आहे आणि वरच्या टप्प्यांत कठडा अगदीच नावाला आहे.

काही गोष्टी मात्र मी सक्तीने सांगतो. आकाशात गडगडलं की ताबडतोब खाली उतरा. डोंगरमाथ्यावरच्या लोखंडी मनोऱ्यावर वीज चमकत असताना उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. उन्हाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, दुपारनंतर इथे ढग फार झपाट्याने येतात. सकाळी आकाश निरभ्र असलं तरी फसू नका. पावसानंतर जाळी आणि लोखंडी पायऱ्या निसरड्या होतात, त्या वाळेपर्यंत थांबा. आणि कठड्याला टेकून, त्यावर बसून किंवा त्याबाहेर वाकून फोटो काढू नका, मग समोरून कितीही जणांनी तसा काढलेला असो.

लहान मुलं आणि आई-बाबा यांना घेऊन जावं का?

मुलांना ही जागा वेड लावते, पण त्यांचा हात सोडायचा नाही. एका मुलामागे एक मोठं माणूस, हा हिशोब घरूनच करून निघा. त्या मोठ्या माणसाच्या गळ्यात कॅमेरा नको. कडेवरच्या बाळाला घेऊन जिना चढू नका, बाबागाडीचा तर प्रश्नच नाही.

आई-बाबा भारतातून नुकतेच आले असतील तर उंचीचा विचार करा. किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे ९,००० फुटांवर, म्हणजे जवळजवळ २,७४० मीटरवर आहे. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर आहे, त्यावरून अंदाज घ्या. विमानातून उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांना इथे आणू नका, आधी दोन-तीन दिवस जाऊ द्या. पाणी भरपूर प्या, चढताना बोलणं कमी करा. ज्यांना गुडघ्यांचा किंवा दम लागण्याचा त्रास आहे त्यांनी खालच्या अंगणात खुर्ची टाकून बसावं. घडीची खुर्ची गाडीत टाकून न्या, मस्त सावली असते.

कपडे आणि चपला कशा असाव्यात?

बूट घट्ट, तळ पकड घेणारे. टाच असलेली चप्पल जाळीत अडकते. साडी, ओढणी, लांब कुर्ता, सुटा स्कार्फ हे जिन्यातल्या खरबरीत लोखंडाला अडकतं आणि पाय घसरतो. नवरात्रीच्या किंवा लग्नाच्या वाढदिवसाच्या फोटोंसाठी साडी हवीच असेल तर खाली, कमानींपाशी नेसून फोटो काढा आणि वर जाताना पॅण्ट घाला. उन्हाळ्यातही एक जाकीट सोबत असू द्या. वर वारा बोचरा असतो.

फोटोंसाठी कोणती वेळ आणि कोणता ऋतू चांगला?

वार: कामाचा दिवस. शनिवार-रविवारी जिन्यांत रांगा लागतात आणि प्रत्येक चौकटीत कोणीतरी येतंच.

वेळ: सकाळी लवकर. किल्ला झाडीने वेढलेला असल्यामुळे सकाळी ऊन तुकड्यातुकड्यांनी दगडांवर उतरतं, तेव्हा भिंतीचा खडबडीतपणा उठून दिसतो. भर दुपारी दगड पांढरट पडतो आणि झाडी काळी. पण ढगाळ दिवसाला नावं ठेवू नका. लोखंडी कमानींचे आणि जाळ्यांचे फोटो ढगाळ उजेडातच जास्त चांगले येतात, कारण सावल्यांचा गुंता होत नाही.

ऋतू: सप्टेंबरच्या शेवटी ॲस्पेनची पानं पिवळीधमक होतात. दगडी राखाडी रंगामागे तो पिवळा म्हणजे या जागेचं सर्वात देखणं रूप. हिवाळ्यात बर्फ पडल्यावर किल्ला फार सुंदर दिसतो, पण गाडीला बर्फाचे टायर हवेत, आणि मनोरे चढायचा विचार सोडून द्यावा.

लेन्स कोणत्या न्याव्यात? ट्रायपॉड चालतो का?

सगळ्यांना वाइड लेन्स सुचते आणि ती लागतेच. आत जागा कमी आणि उंची भरपूर, त्यामुळे फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १६ ते ३५ मिलिमीटरमध्ये बरंचसं काम होतं. बाहेरून पूर्ण किल्ला घेताना कॅमेरा वर तिरका धरला की मनोरे मागे पडल्यासारखे दिसतात. शक्य तितकं मागे सरकून, कॅमेरा सरळ धरून काढा आणि खालची जास्तीची जमीन नंतर कापा, किंवा उभ्या चौकटींचा पॅनोरमा जोडा.

पण मला इथे ८५ किंवा १०० मिलिमीटरची लेन्स जास्त उपयोगी वाटते. बहुतेक जण पूर्ण किल्ला आणि ड्रॅगन एवढेच फोटो घेऊन परततात. या जागेचं खरं वेगळेपण तिच्या कामात आहे, आणि ते काम जवळून बघावं लागतं. भिंतीतले दगड घडवलेले नाहीत, जसे मिळाले तसे बसवलेले आहेत. दोन मोठ्या दगडांमधली फट भरायला मुठीएवढा दगड, त्याच्याही बाजूला सुपारीएवढी चीप. सिमेंटच्या सांध्यांचा रंग दर काही फुटांवर बदलतो. कुठे करडा, कुठे पिवळसर, कुठे जवळजवळ पांढरा. जिथे रंग बदलतो तिथे काम थांबून पुन्हा सुरू झालेलं असतं. काही सांध्यांवर थापी फिरवल्याच्या रेषा अजून आहेत. लोखंडी कठड्यावर वेल्डिंगचे मणी एकसारखे ओघळलेले दिसतात, आणि जिथे ते वेडेवाकडे झालेत तिथे हात अवघडलेला होता हे कळतं, कारण ती जागा नेमकी मनोऱ्याच्या बाहेरच्या अंगाला असते. हे फोटो काढा. तिरप्या उन्हात, भिंतीच्या अगदी कडेने.

ट्रायपॉड खाली अंगणात खुशाल वापरा. जिन्यात आणि मार्गिकांवर लावू नका, एक तर वाट अडते, आणि दुसरं म्हणजे जाळीवर कोणी चाललं की कॅमेरा थरथरतो, त्यामुळे लांब एक्सपोजरचा फोटो हललेलाच येतो. वर असताना आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढवा आणि भिंतीला खांदा टेकवून हातात धरूनच काढा.

आणखी एक महत्त्वाचं. वर जाताना लेन्स बदलायची नाही. जाळीतून निसटलेली लेन्सची टोपी किंवा फिल्टर थेट खालच्या माणसाच्या डोक्यावर जातो. एकच लेन्स लावा, पट्टा गळ्यात घाला, खिशातल्या किल्ल्या आणि फोन चेनच्या कप्प्यात ठेवा.

मोठ्या हॉलचे फोटो धड येत नाहीत. खिडक्या पांढऱ्या पडतात किंवा भिंती काळ्या. काय करावं?

वरच्या दिवाणखान्यासारख्या मोठ्या दालनात लोखंडी कमानींचं छत, काचा आणि रंगीत काचांच्या खिडक्या आहेत. उजेड आणि अंधार यांच्यातलं अंतर तिथे कोणत्याही कॅमेऱ्याला झेपणार नाही एवढं असतं. एक्सपोजर रंगीत काचेवर ठरवा, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये काढा आणि भिंती नंतर थोड्या उजळा. भिंती काळसरच राहू द्या, ते दालन खरोखर तसंच दिसतं. तीन-चार वेगवेगळ्या एक्सपोजरचे फोटो जोडायचे असतील तर लोक नसताना काढा, नाहीतर माणसांची भुतं होतात.

फ्लॅश नको. काचेत उमटतो, दगड सपाट करतो आणि अरुंद जिन्यातल्या माणसाचे डोळे क्षणभर दिपवतो.

उन्हाच्या दिवशी रंगीत काचांचा उजेड दालनाच्या जमिनीवर पडतो आणि हळूहळू सरकतो. तो कोणाच्या तरी बुटांवर, कोणाच्या पाठीवर येईपर्यंत थांबायची तयारी असेल तर फार सुंदर फोटो मिळतो.

ड्रॅगन खरंच आग ओकतो का?

दर्शनी बाजूला छताच्या टोकावर बसवलेलं ते डोकं स्टेनलेस स्टीलच्या टाकून दिलेल्या पत्र्यांपासून घडवलेलं आहे. खवले एकावर एक बसवून मान तयार केली आहे. आत हॉट एअर बलूनला वापरतात तसा बर्नर लावलेला आहे आणि त्यातून ज्वाळा निघताना लोकांनी पाहिल्या आहेत. पण त्याचं वेळापत्रक नसतं, त्यामुळे त्यासाठी मुद्दाम दिवस राखू नका.

स्टील चकाकतं, म्हणून ड्रॅगनवर थेट ऊन असताना एक स्टॉप कमी एक्सपोजर द्या, म्हणजे निम्माच उजेड घ्या. खालून काढताना मागे फक्त आकाश येतं आणि डोकं सुटं सुटं दिसतं. थोडं बाजूला सरकून मागे मनोऱ्याची रेघ आणली तर त्याचा आकार किती प्रचंड आहे हे कळतं.

ड्रोन उडवता येईल का?

खासगी जागा आहे, तेव्हा आधी तिथल्या लोकांची परवानगी घ्या. ते नाही म्हणाले तर विषय संपला. परवानगी मिळाली तरी अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाचे नियम आहेतच. हौसेने उडवणाऱ्यालाही ट्रस्ट नावाची मोफत ऑनलाइन चाचणी द्यावी लागते, २५० ग्रॅमहून जड ड्रोनची नोंदणी करावी लागते, ४०० फुटांच्या वर जायचं नाही आणि ड्रोन कायम नजरेसमोर हवा. मार्गिकांवर लोक असताना जवळून नेऊ नका. माणूस दचकतो, आणि इथे दचकून तोल जाणं परवडत नाही.

फोटो विकता येतील का? प्री-वेडिंग शूट करायचं असेल तर?

स्वतःच्या आठवणीसाठी, ब्लॉगसाठी किंवा प्रदर्शनासाठी काढलेल्या फोटोंना कोणी अडवत नाही. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याचं कलम १२० असं सांगतं की सार्वजनिक ठिकाणाहून दिसणाऱ्या वास्तूचा फोटो काढायला, छापायला किंवा दाखवायला वास्तूचा कॉपीराइट आड येत नाही. पण ही सूट वास्तूपुरती आहे. ड्रॅगनसारख्या शिल्पाचा फोटो मगवर किंवा टी-शर्टवर छापून विकायचा असेल तर मालकांची परवानगी घेणंच योग्य.

प्री-वेडिंग, जाहिरात, फॅशन, लघुपट, असं काहीही ठरवून आणि माणसं जमवून करायचं असेल तर आधी संपर्क साधा, दिवस ठरवा आणि भरघोस देणगी द्या. इथे लग्नंही लागतात, त्यामुळे तुम्ही जाल त्या दिवशी एखादं कार्य असू शकतं. तेव्हा त्यांच्या चौकटीत शिरू नका.

तिथल्या पाट्यांवर सरकारबद्दल एवढं रागाने काय लिहिलंय?

किल्ला सॅन इसाबेल राष्ट्रीय वनाने चारी बाजूंनी वेढलेला आहे. जिम बिशप आसपासच्या जंगलातून आणि रस्त्याकडेच्या चरांतून दगड उचलून आणत. त्या दगडांचे पैसे मागितले गेले तेव्हा वन खात्याशी त्यांचा मोठा वाद झाला. पुढे रस्त्यावरच्या दिशादर्शक पाट्यांवरूनही राज्याशी खटके उडाले. माणसाच्या स्वातंत्र्यात सरकारने ढवळाढवळ करू नये हे त्यांचं ठाम मत होतं आणि ते त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून लावलं.

त्या मतांशी सगळ्यांचं जुळणार नाही, काही भाषा कडकही आहे. तरी फोटो काढताना पाट्या टाळू नका. ज्या हट्टाने ते बोलत त्याच हट्टाने ते बांधत, आणि तो हट्ट वगळून काढलेला किल्ला अर्धाच राहतो.

किल्ला अर्धवट का दिसतो? पूर्ण होणार आहे का?

पूर्ण झाला असं त्यांनी कधी जाहीर केलंच नाही. खंदक, झुलता पूल अशा कल्पना ते बोलून दाखवत. जिथे भिंतीतून लोखंडी सळ्या बाहेर आलेल्या दिसतात तिथे पुढचं काम जोडायचं होतं. या सळ्यांपासून डोळे आणि कॅमेरा सांभाळा.

रात्री ताऱ्यांसोबत किल्ल्याचा फोटो घ्यायचा आहे.

जागा उजेड असेपर्यंतच खुली, त्यामुळे आत शिरून रात्रीचं काम करू नका. ताऱ्यांचीच हौस असेल तर संध्याकाळी १६५ ने उत्तरेला मॅकेन्झी जंक्शन आणि तिथून ९६ ने पश्चिमेला सिल्व्हर क्लिफ आणि वेस्टक्लिफला जा. या जुळ्या गावांना २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय डार्क स्काय कम्युनिटीचा, म्हणजे रात्रीचं आकाश काळोखं राखणाऱ्या गावांचा, दर्जा मिळाला. तिथे आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी स्वच्छ दिसते, समोर सांग्रे दे क्रिस्तो पर्वतरांग असते, आणि मुक्कामाचीही सोय होते.

एकट्याने बांधलेले असे आणखी किल्ले आहेत का?

आहेत, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. फ्लोरिडात होमस्टेडजवळचा कोरल कॅसल लॅटव्हियाहून आलेल्या एडवर्ड लीड्सकालनिन यांनी चुनखडीच्या प्रचंड शिळा एकट्याने कापून, हलवून उभारला. १९५१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते काम करत होते. ओहायोत लव्हलँडला हॅरी अँड्र्यूज यांचा नदीकाठचा किल्ला आहे. त्यासाठी त्यांनी दुधाच्या खोक्यांत सिमेंट ओतून विटा पाडल्या. आणि फ्रान्समध्ये ओतरीव्ह गावी फेर्दिनां शव्हाल या पोस्टमनचा ‘पाले इदेआल’. टपाल वाटताना वाटेत सापडलेले दगड गोळा करून १८७९ ते १९१२ अशी ३३ वर्षं ते बांधत राहिले. १९६९ मध्ये फ्रान्सने त्याला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला. योगायोग असा की त्याच वर्षी जिम बिशप यांनी पहिला दगड ठेवला.

यांतला माणसाला आपल्या अंगाखांद्यावर घेणारा किल्ला मात्र बिशप यांचाच.

स्वच्छतागृह, खाणं-पिणं, किती वेळ लागतो?

फिरती स्वच्छतागृहं असतात. खाण्याच्या गाडीवर विसंबू नका, डबा आणि पाणी घरून न्या, कचरा परत आणा. नुसतं बघायला दोन तास, फोटोंसाठी अर्धा दिवस. डबा खायला लेक इसाबेलच्या काठी जा, दक्षिणेला थोड्याच अंतरावर आहे. तंबू टाकून राहायचं असेल तर तिथे वन खात्याची कॅम्पिंगची ठिकाणं आहेत, उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारसाठी जागा आधीच राखून ठेवा.